रिकामा आलेला डबा

आमचं लग्न ठरलं तेव्हा तो रत्नागिरीला डिप्लोमा करत होता. पहिलं वर्ष. साखरपुडा झाला आणि मोठ्यांनी ठरवलं की त्याची तीन वर्षं पुरी झाली की लग्न. तोवर दोघांनी भेटायचं नाही, बोलायचं नाही. आमच्यात तेव्हा अशीच रीत होती आणि मला तिचं वाईटही वाटलं नव्हतं. बोलायला सांगितलं असतं तर मी काय बोलले असते?

मी आईबरोबर पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. बोंबील, वाकट्या, सुकट. चौथीनंतर शाळा सुटली ती धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि ती मोठी झाल्यावर मी बाजारात आले. त्याची आई करंजा बंदराची. दर बुधवारी ती आमच्याकडे माल घेऊन यायची. लहानपणापासून मी तिला मावशी म्हणत आले होते, त्यामुळे ती सासू होणार म्हटल्यावरही काय हाक मारायची हा प्रश्न पडला नाही. मावशी ती मावशीच राहिली.

मालाच्या पाट्यांबरोबर मावशी एक डबा आणायची. स्टीलचा, दोन खणांचा, फडक्यात बांधलेला; तसे दोन डबे तिच्याकडे होते, आळीपाळीनं यायचे. त्यात पोरासाठी तळलेले बोंबील, सुकटीची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. मुंबईहून रत्नागिरीला जाणारी एसटी पनवेलच्या स्टँडवर थांबते. बुधवारचा ड्रायव्हर ठरलेला होता. त्याच्याकडे डबा दिला की तो आपल्या सीटमागे ठेवायचा आणि रत्नागिरीला स्टँडवर हा येऊन घ्यायचा. गाडी तिथे मुक्कामाला असायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायची. तेवढ्यात डबा रिकामा करून, धुऊन, हा परत ड्रायव्हरकडे द्यायचा. गुरुवारी दुपारी मी तो स्टँडवरून आणायची आणि पुढच्या बुधवारी मावशीच्या हातात द्यायची.

आईला गाळा सोडता यायचा नाही आणि मावशीचे गुडघे दुखायचे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बोलायला बंदी होती, डबा पोचवायला कुणाची ना नव्हती.

ड्रायव्हर काका घाटावरचे, माळकरी. डबा घेताना दर वेळी तोंड वाकडं करायचे.

"पोरी, तुझ्या बोंबलांनी माझी गाडी बाटवली बघ. मागचे पॅसेंजर म्हणतात, ड्रायव्हरसाहेब, पाय धुता की नाही?"

मी खाली बघून हसायची आणि पळायची. पण त्यांनी एकदाही डबा नाकारला नाही.

रिकामं भांडं कुणी परत करत नाही. शेजारणीची वाटी आली तरी तिच्यात चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. मावशीनं पोराला हे शिकवलेलं होतं. पहिला डबा परत आला तेव्हा मी घरी येऊन उघडला, तर वरच्या खणात मूठभर साखर, कागदाच्या पुडीत. खालच्या खणात भाजलेले काजू. साखर त्याच्या आईसाठी, हे मला कळलं. काजू कुणासाठी, हे कळायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

पुढच्या वेळी आमसुलं आली. मग एकदा केसांच्या पिनांचं एक कार्ड. मग वहीचं पान, त्यावर पेन्सिलनं काढलेलं होडीचं इंजिन, प्रत्येक भागाला नाव दिलेलं, आणि खाली एकच ओळ: सुकट भारी होती. सुकट त्या वेळी आमच्या गाळ्यावरची होती, मीच निवडून दिली होती. ते त्याला कसं कळलं कोण जाणे. की कळलंच नव्हतं आणि मीच तसं धरून चालले, तेही कोण जाणे.

मग मीही काहीतरी करायला लागले. भाकऱ्यांवर फडकं दुमडताना त्यात चार सुरंगीची फुलं ठेवायची. कधी आमच्या अंगणातला कढीपत्ता. लिहायची हिंमत झाली नाही. माझं अक्षर बरं होतं, पण ओळ लिहून झाली की ती दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. फुलं तरी माझी होती.

असं दीड वर्ष चाललं. कधी कधी तो वस्तूंच्या नादात साखर घालायला विसरायचा. मग मावशीला डबा द्यायच्या आधी मी आमच्या बरणीतली मूठभर साखर वरच्या खणात घालायची. मावशी डबा उघडायची, साखर बघायची आणि म्हणायची, "माजा पोर शानाच हाय. रीत इसरत नाय." मी मान हलवायची. दोन-तीनदा तसं केलं आणि मग ती सवयच झाली. तो साखर घालो न घालो, मी आपली बघून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एक डबा परत आला तो रिकामा. वरचा खण रिकामा, खालचाही रिकामा. मी फडकं झटकलं, झाकणाच्या आत बघितलं. काही नाही.

परीक्षा असेल, म्हटलं. मावशीसाठी साखर घातली.

पुढच्या गुरुवारी तसाच. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी स्टँडवरच, बाकावर बसून डबा उघडला. रिकामा तर होताच, पण त्यातून एक वास आला. चंदनी साबणाचा. दीड वर्षात असा वास कधी आला नव्हता. तो डबा राखेनं नाहीतर नुसत्या पाण्यानं धुवायचा, कडेला कधी कधी चटणी राहिलेली असायची, आणि मला ते आवडायचं. हा डबा कुणीतरी मन लावून धुतला होता. चकचकीत. चंदनाच्या साबणानं भांडी धुणारं माणूस कोण असतं? मला वाटलं, कॉलेजातली मुलगी. स्वच्छ हातांची, वासाचा साबण वापरणारी, त्याच्याबरोबर इंजिनांची नावं वाचणारी.

आमच्या शेजारच्या गाळ्यावरची बाई साखरपुड्यापासूनच म्हणायची, "शिकून मोटा झाला की बघेल का तो तुज्याकडं? इंजिनेर होनार तो. इंजिनेराला बोंबीलवाली चालते का?" ती ते हसत म्हणायची. मीही हसायची. त्या गुरुवारी मला ते हसणं आठवलं.

आणि तरी मी घरी जाऊन साखर घातली. कारण घातली नसती तर मावशीनं विचारलं असतं, काय झालं, आणि एकदा तो प्रश्न उघडा पडला की त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. उत्तर मला नको होतं. डबा जात होता, येत होता, तोवर लग्न ठरलेलं होतं.

चौथ्या गुरुवारी मी ड्रायव्हर काकांना विचारलं. त्यांच्याशी इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"काका, तिकडं डबा घ्यायला कोण येतं?"

"हल्ली तो तुमचा उंच पोरगा येत नाही. दुसराच कुणीतरी येतो, चष्मेवाला. डबा घेतो, बरं म्हणतो, जातो. का गं?"

"काय नाही," मी म्हटलं.

म्हणजे त्याला स्टँडवर यायचीसुद्धा इच्छा राहिली नव्हती. डबा घ्यायला मित्राला पाठवतो, आणि डबा धुवायला ती आहेच. मी बाजारात परत आले, आईनं विचारलं, "चेहरा का उतरला?" मी म्हटलं, ऊन लागलं. तेव्हा थंडीचे दिवस होते.

बाजाराच्या कोपऱ्यावर एका चाचांचं दुकान होतं. खजूर, सुका मेवा, अत्तर, आणि एका बाजूला काचेचं दार लावलेला एसटीडी फोन. त्यांचे दोन मुलगे आखातात होते, त्यामुळे चाचांना फोनची सवय होती आणि लोकांना फोनवर रडताना बघायचीही. मावशीनं अडीअडचणीला म्हणून हॉस्टेलचा नंबर डब्याच्या फडक्यावरच्या चिठ्ठीवर लिहून घेतलेला होता. ती चिठ्ठी घेऊन मी त्या दुपारी गेले. चाचांनी नंबर लावून दिला. तिकडून कुणीतरी पुरुष "हॅलो" म्हणाला आणि मी फोन ठेवून दिला.

"क्या हुआ बेटी? लागला ना?"

"लागला."

"मग?"

"मला बोलता येत नाही."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "इथे घासाघीस करतेस तेव्हा तर मस्त बोलतेस. मागच्या आठवड्यात माझ्याकडून बोंबलाचे किती जास्त घेतलेस, याद आहे? फोन खात नाही. बोल."

पुन्हा नंबर लावला. या वेळी मी डोळे मिटून त्याचं नाव सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, थांबा, बोलावतो. थांबले. काचेच्या बाहेर चाचा खजुराचे बॉक्स एकावर एक रचत होते, मग खाली उतरवत होते, मग पुन्हा रचत होते.

फोनवर आलेला आवाज त्याचा नव्हता.

"हॅलो, मी त्याचा रूममेट. आपण कोण?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घरून का? ... हॅलो? तुम्ही पनवेलच्या का? त्या सुकटवाल्या?"

"हो," मी म्हटलं.

"बापरे. त्यानं कुणालाच सांगायचं नाही म्हणून बजावलंय. पण तुम्हाला सांगतो. त्याला कावीळ झालीय. आठ दिवस इस्पितळात होता, आता रूमवर आहे. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलंय."



"मग डबा?"

"डबा मी आणतो. त्याला तेलकट चालत नाही ना, म्हणून मीच खातो. खोटं कशाला बोलू, सध्या फार चांगलं चाललंय माझं. आणि धुऊन पण मीच देतो."

"कशानं धुता?"

"काय?"

"डबा. कशानं धुता?"

"माझ्या अंघोळीच्या साबणानं. वास जात नाही हो तुमच्या बोंबलांचा. दोनदा घासतो. का, गंज चढला का?"

"चंदनाचा आहे का साबण?"

"हो. का?"

मला हसू आलं. इतकं की तोंडावर पदर धरावा लागला. फोनवर आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, तेही परक्या मुलाशी, तो सांगत होता की तुझा होणारा नवरा आजारी आहे, आणि मी हसत होते. हसता हसता रडायलाही लागले. काचेबाहेर चाचांनी एकदा मागे वळून बघितलं आणि पुन्हा बॉक्स रचायला लागले.

"डबा रिकामा देऊ नये," मी त्याला म्हटलं. दुसरं काय बोलावं ते सुचेना.

"आमच्याकडेपण तसंच म्हणतात. पण रूमवर साखर ठेवली की मुंग्या होतात. थांबा, तो आलाय. उठू नको म्हटलं तरी जिना उतरून आलाय. घ्या."

त्याचा आवाज मी साखरपुड्यात ऐकला होता, तेव्हा तो भटजींना काहीतरी विचारत होता. फोनवरचा आवाज त्याहून बारीक होता.

"आईला सांगितलंस का?"

"नाही."

"सांगू नको. ती धंदा सोडून इथं येऊन बसेल."

मग म्हणाला, "ऐक. मला परीक्षेला बसता येणार नाही. इतके दिवस कॉलेजलाच गेलो नाही, हजेरी भरत नाही. वर्ष जाणार. म्हणजे लग्न पण वर्षभर पुढे जाईल. तुझ्या बाबांनी इतकं थांबायचं का, ते त्यांनी ठरवावं. तुला दुसरं स्थळ बघितलं तर माझा राग नाही. मी पडल्या पडल्या हाच विचार करत होतो. म्हणून मग काही पाठवलं नाही. उगाच पाठवायचं आणि तिकडं तुझं दुसरीकडे ठरायचं."

तो तिकडे पिवळा होऊन पडला होता आणि त्याला वाटत होतं मी जाणार. मी इथे साबणाचा वास घेत बसले होते आणि मला वाटत होतं तो गेला.

"मी थांबेन," मी म्हटलं.

"बाबांना विचार आधी."

"थांबायचंय ते बाबांना नाही, मला. तू पेज खा. उसाचा रस पी. आणि आईला मी सांगणार."

"नको म्हटलं ना."

"मी सांगणार," मी पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला. आमचं पहिलं बोलणं आणि पहिलं भांडण एकाच फोनवर झालं.

बाहेर आले तेव्हा चाचांनी हातावर दोन खजूर ठेवले. "अल्ला का शुक्र," एवढंच म्हणाले. काय झालं ते त्यांना सांगितलं नव्हतं.

बुधवारी मावशी आली. पाट्या उतरवल्या, फडक्यात बांधलेला डबा माझ्यापुढे ठेवला. आई गिऱ्हाईकाशी बोलत होती. मी मावशीला गाळ्याच्या मागे नेलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कावीळ, इस्पितळ, चष्मेवाला, वर्ष. आणि साखर. की गेल्या चार डब्यांत त्यानं काहीच घातलं नव्हतं, मी घरची घालत होते, म्हणून तुला काही कळलं नाही, चूक माझी आहे. मी साखर घातली नसती तर तुला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

मावशी खाली बसली. बराच वेळ तिनं नुसते गुडघे चोळले.

"साकर तुजी हाय ते मना ठाव होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्यापासून ठाव होतं. त्याची साकर येते ती कागदाच्या पुडीत येते. तुजी खनात मोकली असते. दीड वर्स बघते मी. मना वाटलं, बरी पोर हाय, माज्या पोराला झाकते. मी खूश होते गो. पन तो आजारी हाय हे मना कुटं ठाव?" मग तिचा आवाज चढला. "आनि तुमी दोगं! एक तिकडं गप, एक हिकडं गप! लगीन लावून दिलं तर घरात कोन बोलंल, भिंती?"

ती उठली. आईला म्हणाली, "पाट्या तुमी बघा. मी रत्नांगिरीला चालले. हिला नेते."

आई चपापली. "अवो, साखरपुडा झालेली पोर, लग्नाआधी त्याच्याकडं? लोक काय बोलतील?"

"मी हाय ना संगती. लोक बोलले तर त्यांना बोंबील घाला तोंडात."

शेजारच्या गाळ्यावरची बाई ऐकत होती. तिनं खाली बघून आपली पाटी सारखी करायला घेतली. मी घरी जाऊन लुगडं बदलून आले एवढंच मला आठवतं. स्टँडवर ड्रायव्हर काकांनी आमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"आज डब्याबरोबर माणसं पण?"

"माज्या पोराला कावीळ झालीय, दादा," मावशी म्हणाली.

काकांनी आम्हाला पुढची सीट दिली. डबा मावशीनं मांडीवर घेतला. पेणच्या पुढे गेल्यावर तिनं तो उघडला, सगळे बोंबील शेजारच्या प्रवाशांना वाटून टाकले आणि म्हणाली, "आता ह्याचं काय काम?"

रत्नागिरीला पोचलो तेव्हा चष्मेवाला स्टँडवर डबा न्यायला आला होता. मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. अंगानं चांगला भरलेला होता.

"तू खाल्लास काय रे माज्या पोराचं?"

"मावशी, वाया गेलं असतं," तो म्हणाला. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच हातानं त्याचं डोकं कुरवाळलं. इस्पितळात तोच आठ दिवस उशाशी बसला होता, हे तिला पुढे हॉस्टेलच्या वाटेवर कळलं.

हॉस्टेलात बायकांना वर जाऊ देत नव्हते. तो खाली आला. डोळे पिवळे, गाल बसलेले, शर्ट खांद्यावरून लोंबणारा. मावशी त्याला बिलगली आणि शिव्या द्यायला लागली. मी दरवाजाशी उभी राहिले. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं. आजारी माणसाकडे बघताना आनंद व्हावा हे बरं नाही, पण मला झाला. तो आजारी होता, फक्त आजारी होता.

"आलीस?" तो म्हणाला.

"मावशीनं आणलं," मी म्हटलं.

तेवढंच बोललो. रात्री बंदरावरच्या मिरकरवाड्यात मावशीच्या ओळखीच्यांकडे राहिलो. सकाळी तिनं तिथल्या चुलीवर पेज केली, मी ती हॉस्टेलात नेऊन दिली, आणि तो ती पूर्ण संपवेपर्यंत आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो. मावशी तिथेच राहणार होती, पण डॉक्टरांनी सांगितलं, आता धोका नाही, नुसती विश्रांती हवी, तेव्हा मिरकरवाड्याच्या त्या घरातल्या बाईनं रोज पेज पोचवायचं कबूल केलं. आम्ही त्याच काकांच्या गाडीनं परत निघालो.

गाडीत मावशी म्हणाली, "तुज्या बापाशी मी बोलते. वर्स काय आनि दोन वर्स काय. समुद्रावर गेलेल्याची वाट बगायची आमाला सवय हाय. हा तर रत्नांगिरीला हाय."

मी "बरं" म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात झोप आली. चार आठवड्यांची झोप साठली होती. संगमेश्वर कधी गेलं, चिपळूण कधी गेलं, मला कळलं नाही. जाग आली ती कर्नाळ्याच्या खिंडीत, मावशीनं कोपर मारल्यामुळं.

"उठ गो. पनवेल आलं. माज्या लुगड्याचा खांदा भिजवलास तू."